ई-पत्राचा मायना आणि एक छोटी फाइल



संगणकावरील पत्रव्यवहार हा विषय मी सुचवला, तेव्हा मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले, "यात वाङ्मय कुठे आले?" मी म्हणालो, घरची पत्रे हेही वाङ्मयच आहे. आपल्या आजोबांची पत्रे माळ्यावरच्या ट्रंकेत सापडतात. आपली स्वतःची गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली पत्रे मात्र संगणकात आहेत. ती नातवंडांना मराठीत वाचता येतील की नाही, हे एका छोट्या फाइलीतल्या चार-पाच ओळींवर अवलंबून असते. त्या ओळींची ओळख करून द्यावी, एवढाच आजचा हेतू आहे.

सुरुवात घरच्याच गोष्टीने करतो. माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, निपाणीत राहत. मुलगा नोकरीनिमित्त बंगळूरला. साठी उलटल्यावर अण्णा हौसेने संगणकावर मराठी टंकायला शिकले आणि मुलाला त्यांनी पहिले ई-पत्र धाडले. 'चिरंजीव' पासून 'अनेक उत्तम आशीर्वाद' पर्यंत सगळे रीतसर. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. त्याखाली अण्णांचेच पत्र जोडलेले होते, पण अक्षरांच्या जागी नुसत्या प्रश्नचिन्हांच्या रांगा. अण्णांनी हट्टाने आणखी सहा पत्रे मराठीत पाठवली. प्रत्येकाची तीच गत झाली. शेवटी मुलाने लिहिले, "इथे मराठी दिसत नाही, इंग्रजीत लिहा." त्यानंतर अण्णांची पत्रे दोन ओळींची झाली. पैसे पोचले, तब्येत ठीक आहे, एवढेच. इंग्रजी त्यांना चांगले येत होते, पण रागावणे आणि समजूत घालणे त्यांना मराठीतच जमत असे.

ही चूक कोणाची, ते पुढे सांगतो. त्याआधी ज्या प्रोग्रॅममध्ये हे घडले, त्याची थोडी माहिती घेऊ.

आपण फोनवर टपाल पाहतो, तेव्हा चित्रे, बटणे आणि रंग दिसतात. संगणक जाणणारी काही मंडळी मात्र अजून काळ्या पडद्यावर टपाल वाचतात. त्या पडद्याला टर्मिनल म्हणतात. तिथे माऊस लागत नाही. सगळे काम कळफलकावरून आज्ञा देऊन होते. अशा कामाला कमांड लाइन असे नाव आहे. ही पद्धत जुनी आहे. बर्कली येथे कर्ट शोन्स यांनी १९७८ च्या सुमारास 'मेल' नावाचा असा प्रोग्रॅम लिहिला. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ साली 'पाइन' तयार झाला. १९९५ मध्ये मायकेल एल्किन्स यांनी 'मट' लिहिला आणि तो आजही वापरात आहे.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. त्या काळी 'शेल' नावाचे स्वस्त खाते मिळे. त्यात चित्रे नसत, फक्त अक्षरे असत, आणि टपालासाठी बहुधा पाइनच असे. म्हणजे आपल्यापैकी ज्यांची मुले त्या वर्षांत मुंबई-पुण्यात शिकत होती, त्यांची पहिली ई-पत्रे अशाच पडद्यावर लिहिली गेली असणार. ती रोमन लिपीतली मराठी पत्रे होती, कारण दुसरा इलाज नव्हता.

आता फाइलीकडे येऊ. पत्राला मायना असतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. कोणाला 'तीर्थरूप', कोणाला 'चिरंजीव', कोणाला 'सा. न. वि. वि.' हे ठरलेले असे. यादवकाळातल्या हेमाद्रीच्या नावावर सांगितले जाणारे 'मेस्तक' हा पत्रलेखनाच्या रीतींचाच ग्रंथ. एकदा रीत ठरली की दर वेळी विचार करावा लागत नाही. टपालाच्या प्रोग्रॅममध्ये ही रीत एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून ठेवतात. पाइनमध्ये तिचे नाव 'पाइन-आरसी', मटमध्ये 'मट-आरसी'. नावाच्या आधी एक टिंब असते, त्यामुळे फाइलींच्या साध्या यादीत ती दिसत नाही. लपलेली म्हणून ती अवघड आहे, असे मात्र समजू नका. उघडून पाहिली तर एका ओळीत एक पसंती, अशी किराणा मालाच्या यादीसारखी ती वाचता येते.

या पसंतीचे थर असतात. पहिला थर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा. त्याने काही ना काही ठरवून दिलेले असतेच. दुसरा थर त्या यंत्राची व्यवस्था पाहणाऱ्याचा. तो सर्वांसाठी एक फाइल ठेवतो. तिसरा थर आपला, म्हणजे आपल्या घरच्या फोल्डरातली फाइल. मट त्या याच क्रमाने वाचतो आणि एकाच गोष्टीबद्दल दोन ओळी असल्या, तर नंतरची ओळ मानतो. म्हणून शेवटचा शब्द आपला असतो. पण आपण काहीच लिहिले नाही, तर आपल्या वतीने दुसरा कोणी ठरवतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण अण्णांच्या पत्रांचे दुखणे इथेच होते.

फाइलीत काय लिहावे? ओळी संगणकावर रोमन लिपीत टंकायच्या असतात. मी येथे उच्चार सांगतो.

पहिली ओळ 'सेट रिअलनेम'. तिच्यापुढे अवतरणात आपले नाव. ते मराठीतही लिहिता येते. समोरच्याला पत्र पाठवणाऱ्याच्या रकान्यात तेच दिसते. दुसरी 'सेट फ्रॉम', म्हणजे आपला ई-पत्ता. तिसरी 'सेट एडिटर', म्हणजे पत्र कशात लिहायचे. मटमध्ये लिहिण्याची सोय नसते, तो आपल्या पसंतीचा संपादक उघडून देतो. नवख्याने 'नॅनो' घ्यावा. चौथी 'सेट सिग्नेचर'. सहीची एक वेगळी फाइल करून तिच्यात नाव, गाव असे लिहावे. चार ओळींपेक्षा मोठी सही करू नये, असा जुना संकेत आहे.

पाचवी ओळ 'सेट रेकॉर्ड'. निपाणीच्या तंबाखूच्या पेढ्यांवर आवक-जावक वही असे, ती आठवा. पाठवलेल्या पत्राची नक्कल कुठे ठेवायची, हे ही ओळ सांगते. ती आपल्याच यंत्रावर ठेवली, तर पुढे सेवा बंद पडली किंवा परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नसला, तरी पत्रे घरात राहतात.

मग टोपणनावे. 'एलिअस' या शब्दापुढे छोटे नाव आणि पुढे पत्ता लिहिला की 'काकू' एवढे टंकून पत्र काकूंना जाते. एका टोपणनावात अनेक पत्तेही ठेवता येतात. 'घर' म्हटले की बेळगाव, पुणे आणि टोरांटोची सगळी भावंडे, अशी सोय होते. उत्तर देताना मूळ पत्राच्या वर 'अमक्याने लिहिले' अशी इंग्रजी ओळ येते, तीही बदलता येते. 'सेट अ‍ॅट्रिब्यूशन' या ओळीत टक्क्याचे चिन्ह आणि एन हे अक्षर ठेवले की तिथे समोरच्याचे नाव येते, आणि बाकीची ओळ आपण मराठीत लिहायची.

एक सावधगिरी. परवलीचा शब्द या फाइलीत उघडा लिहू नये. लिहावाच लागला, तर ती फाइल मालकाखेरीज कोणाला वाचता येणार नाही, अशी परवानगी लावावी.

आता सर्वांत महत्त्वाची ओळ, अक्षरसंचाची. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. जुन्या अमेरिकी अस्की संचात १२८ आकडे होते आणि त्यांत देवनागरीला जागा नव्हती. आपल्याकडे 'इस्की' नावाचे मानक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात देवनागरी 'क' आणि कन्नड 'क' यांना एकच आकडा होता, आणि लिपी कोणती ते वेगळ्या खुणेने सांगावे लागे. ती खूण हरवली, तर मराठी ओळ कन्नड अक्षरांत उमटायची. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमध्ये दोघांना वेगळी घरे मिळाली. देवनागरी 'क' २३२५ क्रमांकाचा, कन्नड 'क' ३२२१ क्रमांकाचा. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी हे आकडे साठवण्याची यूटीएफ-८ ही रीत बसवली. तिच्यात आपले प्रत्येक अक्षर, काना, मात्रा तीन बाइट घेते. निपाणी या नावात तीन अक्षरे आणि तीन स्वरचिन्हे, म्हणजे १८ बाइट. आपल्या भागात एकाच पत्रात मराठी, कन्नड आणि इंग्रजी येणे नवे नाही. यूटीएफ-८ मध्ये तिन्ही सुखाने नांदतात.

म्हणून मटमध्ये 'सेट कॅरसेट' पुढे यूटीएफ-८ लिहितात. पण खरे पाहता त्याच्याही आधी यंत्राला आपली भाषा सांगायला हवी. त्या नोंदीला 'लोकॅल' म्हणतात. मराठीसाठी ती 'एमआर', मग अधोरेषा, मग 'आयएन' आणि शेवटी यूटीएफ-८ अशी लिहितात. यात भाषेचा रकाना आहे, देशाचा आहे. राज्याचा रकानाच नाही. बेळगावचा माणूस आणि सोलापूरचा माणूस ही नोंद एकसारखीच लिहितात. कन्नडसाठी 'केएन' एवढाच फरक. ही नोंद केलीच नाही, तर यंत्र मूळ अस्कीवर राहते आणि मट बिचारा तेच खरे मानतो.

अण्णांच्या मुलाचे यंत्र तसेच होते. कामाच्या जागी तो टर्मिनलवर टपाल वाचत असे. त्या यंत्रावर भाषेची नोंद नव्हती, आणि ती करता येते हे त्याला कोणी सांगितले नव्हते. अण्णांचे पत्र त्याच्याकडे पूर्ण, शुद्ध पोचत होते. फक्त पडद्यावर दाखवताना, संचात नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटत होते. इथवर नुकसान काहीच नव्हते. पण त्याने उत्तर द्यायला घेतले की मट मूळ पत्र त्याच अपुऱ्या संचात उतरवून खाली जोडी, आणि प्रश्नचिन्हे कायमची होत. तेच अण्णांकडे परत येई. आपले लिखाण वाटेत मोडते, असे त्यांना वाटले. पोराला वाटले, अण्णांचा संगणक बिघडलेला आहे.

अण्णा गेल्यानंतर वर्षाने माझा पुतण्या जुने टपाल घेऊन माझ्याकडे आला. आम्ही भाषेची नोंद केली, अक्षरसंचाची ओळ लिहिली आणि टपालपेटी पुन्हा उघडली. सातही पत्रे जशीच्या तशी होती. चौथ्या पत्रात अण्णांनी आईच्या आजारपणाबद्दल सविस्तर लिहिले होते आणि 'जमल्यास दिवाळीपूर्वी ये' असे दोनदा म्हटले होते. ते त्याने त्या दिवशी प्रथम वाचले. तो बराच वेळ काही बोलला नाही.

यावरून एक व्यवहारातली गोष्ट सांगतो. घरातले जुने ई-पत्र मोडलेले दिसले, तर ते पुसू नका. आधी दुखणे ओळखा. डोक्यावर तिरकी खूण असलेला रोमन 'ए' पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर यूटीएफ-८ मजकूर युरोपी संचात वाचला जात आहे. तो सहज दुरुस्त होतो. अर्थहीन रोमन अक्षरांची सलग लांब रांग असेल आणि ती चारचा आकडा व 'के' या अक्षराने सुरू होत असेल, तर तो देवनागरीने सुरू होणारा मजकूर प्रवासासाठी 'बेस-६४' या रीतीने बांधलेला आहे. तोही सुटतो. जुन्या मराठी फॉन्टांतले पत्र असेल, तर फॉन्टचे नाव शोधा. नाव कळले की रूपांतर करता येते. प्रश्नचिन्हे दिसली, तर मात्र मूळ पत्र ज्याच्याकडे पोचले, त्याची टपालपेटी शोधा. उत्तराखाली जोडलेल्या नकलेत अक्षरे उरलेली नसतात, मूळ पत्रात ती असू शकतात.

मित्रहो, सर्वांनी टर्मिनलवर टपाल वाचावे, असा माझा आग्रह नाही. फोनवरच्या प्रोग्रॅममध्येही हीच पसंती असते. ती चित्रांआड दडलेली असते, इतकेच. टर्मिनलची फाइल उघडी असते. ती वाचता येते, नव्या यंत्रावर जशीच्या तशी नेता येते, आणि कागदावर छापून ट्रंकेतही ठेवता येते. आमच्या घरी आम्ही तसेच केले आहे. अण्णांच्या सात पत्रांच्या छापील प्रतींबरोबर त्या फाइलीचेही एक पान ठेवले आहे, म्हणजे पुढे कोणाला पेटी उघडावी लागली, तर कोणत्या ओळी लिहायच्या ते शोधत बसावे लागणार नाही.