पिक-अप मोटारीच्या पुढील चाकांचें थैमान व त्याचें मूळ

माल बाजारांत पोंचविणें, खतें व बियाणें आणणें, जनावरें हलविणें या कामीं पूर्वीं बैलगाडीचा जो उपयोग होत असे, तो आतां पुष्कळ ठिकाणीं पिक-अप या लहान मालमोटारीचा होतो. असें वाहन बाळगणाऱ्यास त्याच्या एका घातुक विकाराची माहिती असणें अगत्याचें आहे. मोटार वेगानें धांवत असतां एखादा खळगा किंवा पुलावरील सांधा पुढील चाकाखालीं येतो, आणि क्षणार्धांत दोन्ही पुढील चाकें डावीउजवीकडे इतक्या जोरानें हिसके देऊं लागतात कीं, स्टिअरिंग हातांत ठरत नाहीं. खळगा मागें पडला तरी हें थैमान थांबत नाहीं. वेग बराच कमी केल्यावरच तें शमतें. अमेरिकेंत यास ‘डेथ वॉबल’, म्हणजे मृत्यूचें डगमगणें, असें नांव पडलें आहे.

हा विकार सर्व मोटारींस सारखा जडत नाहीं. ज्यांत पुढील दोन्ही चाकें एकाच अखंड आंसाच्या टोकांस बसविलेलीं असतात, त्या गाड्यांत तो मुख्यतः आढळतो. अमेरिकेंतील शेतकऱ्यांच्या वापरांतल्या फोर्ड एफ-२५० व एफ-३५० आणि रॅम २५०० व ३५०० या जातींच्या, चारही चाकांना जोर पोंचविणाऱ्या पिक-अप मोटारी अशा बांधणीच्या आहेत. जुन्या विलिस पद्धतीच्या जीपगाड्यांचा पुढील आंसही असाच अखंड असे. आपल्या गाडीची बांधणी कोणती, हें खालीं वांकून पाहिलें असतां सहज कळतें.

आतां कारणाकडे वळूं. सायकलीचें चाक सोडवून त्याचा आंस दोन्ही हातांनीं धरावा, चाक दुसऱ्याकडून जोरानें फिरवून घ्यावें, आणि आंस एका बाजूस कलता करून पाहावा. चाक मुकाट्यानें कलत नाहीं, तर डावीकडे किंवा उजवीकडे वळूं पाहतें. फिरत्या चक्राचा हा स्वभावच आहे. अखंड आंसाचें एक चाक खळग्यांत उतरलें म्हणजे सबंध आंस कलतो, व त्याबरोबर दुसरेंही चाक कलतें. कलल्यामुळें चाकें वळूं लागतात. वळल्यामुळें आंस पुन्हां उलट कलूं लागतो. असें एक हालचालीनें दुसरीस जागें करणें चालू होतें. यास लागणारी शक्ति खळग्यांतून नव्हे, तर गाडीच्या पुढें जाण्याच्या गतींतूनच, टायरच्या द्वारें, मिळत राहते. म्हणून खळगा सरला तरी थरथर सरत नाहीं.

झोंपाळ्यास वेळ साधून हलके धक्के दिले तरी तो उंच जातो, हें सर्वांस ठाऊक आहे. येथेंही तसेंच घडतें. ताशीं ८० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी सेकंदास सुमारें २२ मीटर अंतर तोडते. तिच्या टायरचा घेर अडीच मीटर धरल्यास चाक सेकंदास सुमारें ९ फेरे घेतें. त्या चाकाचें वजन एका बाजूस अधिक असेल, तर सेकंदास ९ धक्के आंसाला बसतात. आंस व स्टिअरिंग यांच्या स्वाभाविक हेलकाव्याशीं हे धक्के जुळले कीं थरथर वाढूं लागते. ठराविक वेगावरच गाडी बिथरते, याचें एक कारण हें होय.

हा विकार नवा नाहीं. १९२३ सालीं फायरस्टोन कंपनीनें कमी हवेचे फुगीर टायर प्रचारांत आणले, व त्यानंतर साध्या मोटारींतही चाकांच्या अशा थरथरण्याची तक्रार वाढली. त्या काळच्या एका नाचावरून त्यास ‘शिमी’ हें नांव मिळालें. १९३४ च्या नमुन्यांत जनरल मोटर्स कंपनीनें पुढील चाकें स्वतंत्र टांगण्याची पद्धत आणली. पुढें प्रवासी मोटारींत तीच रूढ झाली, व एका चाकाचें कलणें दुसऱ्यास बाधेनासें झालें. तथापि अखंड आंस मजबूत, साधा व भार सोसणारा असल्यामुळें जड कामाच्या गाड्यांत तो टिकला, आणि त्याबरोबर ही खोडही टिकली.

तथापि सर्व सांधे घट्ट असलेली गाडी सहसा बिथरत नाहीं. बैलगाडीच्या तुंब्यांत आंस ढिला झाला म्हणजे चाक लचकत चालतें. येथेंही आरंभ ढिलाईनेंच होतो. वरील फोर्ड जातींत २००५ पासून व रॅमच्या गाड्यांत १९९४ च्या नमुन्यापासून, पुढें कमानपाट्यांऐवजीं वळ्यांच्या स्प्रिंगा आहेत. अशा स्प्रिंगा आंसाला आडवें सरकण्यापासून रोखूं शकत नाहींत. तें काम सांगाड्यापासून आंसापर्यंत तिरप्या बसविलेल्या एका दांड्याकडे असतें. मिस्त्री त्यास ट्रॅक बार म्हणतात. त्याच्या बोल्टाचें भोंक किंचित् जरी लांबट झालें, तरी सबंध आंसाला हलण्यास वाव मिळतो. त्याखेरीज टाय रॉडचीं टोंकें, बॉल जॉइंट, चाकांचीं बेअरिंगें, आंस धरणाऱ्या दांड्यांचे रबरी बुश आणि स्टिअरिंगची पेटी हीं तपासण्याचीं ठिकाणें आहेत. कमानपाट्यांच्या गाडींत पाटे अडकविण्याच्या पिना व त्यांचे बुश पाहावेत. गाडी उंच करून मोठे टायर चढविणाऱ्यांस हा त्रास अधिक होतो; कारण टायरचें वजन वाढतें, आणि चाकास सरळ ठेवणारा कोनही बदलतो.

येथें एका चुकीच्या उपायाविषयीं सावध केलें पाहिजे. स्टिअरिंगला तेलानें भरलेली एक नळी जोडलेली असते. तीस डँपर म्हणतात. ती लहान थरथर गिळून टाकते. गाडी बिथरली कीं पुष्कळ जण प्रथम हीच बदलतात, कारण ती स्वस्त असते व बदलण्यास सोपी. थैमान कांहीं काळ थांबतें, मालक निश्चिंत होतो. परंतु ढिला सांधा आंत झिजतच राहतो. मग नवी नळीही थकते, आणि पुढचा झटका भरल्या गाडीला बसतो. डँपर खराब झाला असल्यास अवश्य बदलावा, पण आधीं ढिलाई शोधावी.

ती शोधण्याची रीत सोपी आहे. गाडी सपाट जागीं उभी करून हातब्रेक लावावा, मागील चाकांस दगड द्यावेत, व इंजिन चालू ठेवावें. एकानें स्टिअरिंग थोडें थोडें डावीउजवीकडे हलवावें. दुसऱ्यानें चाकांपासून अंग दूर ठेवून प्रत्येक सांध्याकडे पाहावें. दोन भागांपैकीं एक हलतो व दुसरा मागाहून हलतो असें दिसलें, तर दोष तेथें आहे. नंतर इंजिन बंद करून आंस जॅकनें उचलावा व त्याखालीं भक्कम टेकू द्यावा. चाक वर-खालीं धरून हलविलें असतां खेळ लागल्यास बॉल जॉइंट किंवा बेअरिंग संशयित. डावीउजवीकडे धरून लागल्यास टाय रॉड. ट्रॅक बारचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर असतांनाच, उत्पादकाच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें आंवळावे. शेवटीं टायरचें वजन समतोल करून घ्यावें व हवा नेमकी ठेवावी.

चालत्या गाडींत हा प्रसंग ओढवल्यास स्टिअरिंग दोन्ही हातांनीं घट्ट धरावें, पण त्याच्या आऱ्यांत आंगठे अडकवूं नयेत. ॲक्सिलरेटरवरील पाय काढावा, एकदम जोराचा ब्रेक दाबूं नये, वेग हळूहळू उतरूं द्यावा, व थरथर थांबल्यावर गाडी कडेस घ्यावी. पुढें तीच गाडी त्याच वेगानें हांकूं नये. सावकाश मिस्त्रीकडे न्यावी, आणि तो डँपर पुढें करूं लागल्यास आधीं ट्रॅक बारचा बोल्ट दाखविण्यास सांगावें.