चिल्टर्नचे कारभारी

लंडन : ब्रिटनच्या खासदाराला राजीनामा देता येत नाही. एकदा निवडून आल्यावर मुदत संपण्याआधी जागा सोडायची नाही, असा ठराव कॉमन्स सभागृहाने १६२४ मध्ये केला. तो आजही उभा आहे. तरीही खासदार जातातच. जून २०२३ मध्ये बोरिस जॉन्सन गेले, ते आधी ‘चिल्टर्न हंड्रेड्‌सचे कारभारी’ होऊन.

हंड्रेड म्हणजे शंभर, हे शाळकरी पोरालाही ठाऊक. इथे मात्र तो आकडा नव्हे, मुलूख आहे. हजार वर्षांपूर्वी इंग्लंडच्या काउंटीचे असे भाग पाडलेले होते, आपल्याकडच्या परगण्यासारखे. दहाव्या शतकातल्या राजाज्ञेप्रमाणे हंड्रेडची सभा दर चार आठवड्यांनी भरे. तंटे तिथेच मिटत आणि चोराचा माग काढायला तिथलीच माणसे निघत. १२८५ च्या कायद्याने तर दरोडेखोर हाती लागला नाही, तर लुटीची भरपाई अख्ख्या हंड्रेडवर टाकली. दंगलीतल्या नुकसानीचा भार १८८६ पर्यंत हंड्रेडवरच होता. पुढे जिल्हा परिषदा आल्या आणि शब्द बोलण्यातून गेला. हंड्रेड रद्द केल्याचा कायदा मात्र कोणी केला नाही.

स्टोक, डेझबरो आणि बर्नहॅम हे बकिंगहॅमशायरमधले तीन चिल्टर्न हंड्रेड. इथल्या डोंगरांतल्या बीच वृक्षांच्या रानात लुटारू दबा धरून बसत, म्हणून राजाने कारभारी नेमला. लुटारू संपले, काम संपले, पद राहिले. राजसत्तेचे लाभाचे पद घेणाऱ्याची खासदारकी जाते, असा नियम होताच. १७५१ मध्ये जॉन पिट या खासदाराला दुसऱ्या मतदारसंघातून उभे राहायचे होते. त्याने हे पद मागून घेतले आणि वाट पडली.

आज ही नेमणूक अर्थमंत्री करतात. पगार नाही, काम नाही. जोडीला यॉर्कशायरमधले नॉर्थस्टेडचे असेच दुसरे पद आहे. दोन्ही आलटून पालटून देतात. २०११ मध्ये आयरिश राष्ट्रवादी शिन फेन पक्षाचे जेरी अॅडम्स यांनी सभापतींना नुसते राजीनाम्याचे पत्र धाडले. ब्रिटिश राजसत्ता न मानणाऱ्या या माणसालाच अर्थखात्याने नॉर्थस्टेडचा कारभारी नेमले. आपण पद स्वीकारलेच नाही, असे ते सांगत राहिले. जागा रिकामी झाली ती झालीच.

लाभाच्या पदाची अट आपल्या राज्यघटनेनेही इथूनच उचलली. पण खासदाराने लेखी राजीनामा द्यावा, ही सोय अनुच्छेद १०१ मध्ये सरळ लिहून ठेवली. ब्रिटिशांनाही तसे करता आले असते. १९७५ मध्ये अपात्रतेचा कायदा नव्याने केला, तेव्हा त्यांनी १६२४ चा ठराव तसाच ठेवला आणि या दोन रिकाम्या पदांची नावे कायद्यात घातली. रूढी मोडण्यापेक्षा पळवाट कायदेशीर करणे त्यांना सोयीचे वाटले.