वादळ कुठल्या अंगानं जातं?

उरणच्या द्रोणागिरी डोंगराची एक गोष्ट सांगतात. लक्ष्मणासाठी संजीवनी घेऊन निघालेल्या मारुतीच्या हातून पर्वताचा एक तुकडा इथे पडला, तोच हा डोंगर. सिडकोनं या डोंगराचंच नाव शेजारच्या नोडला दिलं. तिथे घर बघायला येणारी माणसं स्टेशन किती लांब, अटल सेतू किती लांब, पाणी चोवीस तास येतं का, हे सगळं विचारतात. पवनपुत्राच्या हातून सुटलेल्या डोंगराखाली राहायला जायचं, पण वाऱ्याची चौकशी कोणी करत नाही.

ती करायची वेळ ३ जून २०२० रोजी आली होती. आदल्या दोन दिवसांत 'हरिहरेश्वर ते दमण' या पट्ट्यात चक्रीवादळ येणार असा इशारा होता, आणि उरण त्याच पट्ट्यात. प्रत्यक्षात 'निसर्ग' दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यानं श्रीवर्धन-मुरूडकडच्या सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या. एक झाड उभं राहून फळाला यायला वर्षं लागतात, ती बाग दोन-तीन तासांत गेली. मुंबई-नवी मुंबईत झाडं पडली, पत्रे उडाले आणि संध्याकाळी लोक म्हणाले, वाचलो बुवा.

वाचलो, पण कशामुळे? निव्वळ अंतरामुळे नव्हे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट्या दिशेनं फिरतो. अरबी समुद्रातून वादळ आपल्या किनाऱ्यावर येतं, तेव्हा त्याच्या उजव्या अंगाला, म्हणजे दक्षिणेला, वारा समुद्राकडून जमिनीकडे सुटतो आणि पाणी आत लोटतो. डाव्या अंगाला, म्हणजे उत्तरेला, तोच वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. निसर्गच्या वेळी उरण डाव्या अंगाला होतं. हेच केंद्र वसई-पालघरकडे गेलं असतं, तर आपण उजव्या अंगाला आलो असतो. मुंबई बंदराचं तोंड नैर्ऋत्येला उघडतं. एका बाजूला कुलाबा, दुसऱ्या बाजूला करंजा-मांडवा. नैर्ऋत्येचा वारा त्या तोंडातून पाणी थेट खाडीत भरतो. बाहेरचा समुद्र उथळ असल्यानं चढलेल्या पाण्याला खाली पसरायलाही जागा मिळत नाही.

मग वादळ उत्तरेला जाणार की दक्षिणेला, हे ठरवतं कोण? नदीला पूर आला की भोवरा गरगरतो, पण त्याला पुढे नेतो तो प्रवाह. चक्रीवादळाचंही तसंच. ते फिरतं स्वतःच्या बळावर, पण जातं कुठे ते भोवतालच्या वाऱ्यांच्या मोठ्या प्रवाहावर ठरतं. दक्षिण अरबी समुद्रात हा प्रवाह बहुधा पश्चिमेकडे नेतो, म्हणून २००७ चं 'गोनू' ओमानकडे गेलं. पश्चिमी वाऱ्यांची द्रोणी (कमी दाबाचा लांबट पट्टा) खाली उतरली, तर वादळ ईशान्येला वळतं आणि पुष्कळदा गुजरात गाठतं. या दोन वाटांच्या मधे मुंबईचा किनारा बऱ्याचदा सुटतो. ऐन पावसाळ्यात आणखी एक गोष्ट आपल्या बाजूनं असते. खाली नैर्ऋत्येचा जोरदार वारा, वर पूर्वेचा. मडक्यांच्या उतरंडीतलं खालचं मडकं एकीकडे आणि वरचं दुसरीकडे ओढलं, तर उतरंड टिकेल का? वादळही तसंच उभं राहत नाही. म्हणून आपली वादळं पावसाळ्याच्या आधी, मे-जूनमध्ये, नाहीतर नंतर, ऑक्टोबर ते डिसेंबरात.

या 'सुटण्या'चा हिशेब मांडला तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या ॲडम सोबेल यांनी. २०१२ साली 'सँडी' वादळ नेहमीसारखं अटलांटिकमध्ये बाहेर न वळता डावीकडे वळून न्यूयॉर्कच्या बाजूला घुसलं. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. पुढे कादंबरीकार अमिताव घोष यांनी त्यांना विचारलं की मुंबईचं काय. त्यातून २०१९ मध्ये सोबेल आणि सहकाऱ्यांचा मुंबईवरचा शोधनिबंध आला. सहकाऱ्यांत पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले शास्त्रज्ञही होते. अडचण साधी होती. मुंबईवर आलेली मोठी वादळं इतकी थोडी, की सरासरी काढायची कशाची? म्हणून संगणकावर हजारो कृत्रिम, पण भौतिकशास्त्राला धरून चालणारी वादळं सोडली आणि त्यातली किती मुंबईला लागतात ते मोजलं. शक्यता कमी निघाली. शून्य मात्र निघाली नाही. जाता जाता या मंडळींनी आणखी एक काम केलं. १८८२ साली मुंबईत एक लाख माणसं मारणारं चक्रीवादळ आलं, असं ठिकठिकाणी छापलेलं असतं. तसं काही घडलंच नव्हतं, हे त्यांनी दाखवलं. मला हा भाग फार आवडतो. धोका सांगायला खोट्या वादळाची गरज नाही.

खरी वादळं आहेतच. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईनं एक सोसलं. ११ नोव्हेंबर २००९ रोजी 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या मधून आत शिरलं. त्या दोन नावांच्या मधे उरणच येतं. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' आपल्या किनाऱ्याला न चढता समुद्रातून गुजरातकडे गेलं, तरी कुलाब्याला वाऱ्याचा झोत ताशी ११४ किलोमीटरवर पोचला. ज्या तेलक्षेत्रांतून पाइपलाइननं तेल उरणला येतं, त्याच समुद्रात पी-३०५ बार्ज बुडाला. बार्ज आणि वरप्रदा टग मिळून ८६ जण गेले.

आणि समुद्र बदलतो आहे. पुण्याच्या त्याच संस्थेतल्या मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन कालखंडांची तुलना केली. अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, अतितीव्र वादळं १५० टक्क्यांनी. वादळाला साधारण साडेसव्वीस अंशांचं पाणी लागतं. निसर्गच्या वेळी ते तीस अंशांच्या वर होतं. २०११ साली एका गटानं वेगळाच मुद्दा मांडला. काजळी आणि धुरक्यानं मोसमी वाऱ्यांचा जोर कमी होतो, उतरंडीची ओढाताण मंदावते आणि मे महिन्यातल्या वादळांना बळ धरायला सवड मिळते. त्यावर वाद झाला, अजून आहे. पण वारा बदलला तर वादळाचं बळही बदलेल, एवढं दोन्ही बाजू मानतील.

द्रोणागिरीत उभं राहून पाहिलं तर हे सगळं पायाखाली येतं. ही मूळची खारजमीन. बांध घालायचे, भरतीला उघाडी, म्हणजे बांधातलं दार, बंद, ओहोटीला उघडं, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा कारभार. नवी मुंबईनं भराव टाकला तरी तत्त्व तेच ठेवलं. भरतीच्या वेळी दारं बंद, पावसाचं पाणी धारण तलावात थांबणार, ओहोटीला खाडीत सुटणार. ही सगळी व्यवस्था ओहोटीच्या भरवशावर आहे. उजव्या अंगाचं वादळ ओहोटीच्या वेळीही पाणी खाली जाऊ देत नाही. वरून पाऊस, समोर चढलेली खाडी आणि बंद दार. असा दिवस साडेचार मीटरच्या उधाणाला आला तर तळमजल्यावरच्या मीटरबॉक्सचं आणि पार्किंगचं काय होईल, ते सोसायटीच्या सभेत एकदा काढायला हरकत नाही. तलावांतला गाळ आणि खाडीकाठची तिवरं हेही त्याच सभेचे विषय आहेत.

पुढच्या वेळी बंदरावर बावटा चढेल तेव्हा प्रशासन सांगेल ते ऐकाच. सोबत दोन गोष्टी स्वतःही बघून ठेवा: वादळ आपल्या उत्तरेला चढणार की दक्षिणेला, आणि त्या दिवशी भरती किती वाजता आहे.