परदेशगमनाची खरी तयारी

परदेशगमन ही गोष्ट आता आपल्या सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावीही फारशी नवलाची राहिलेली नाही. शिक्षणासाठी, नोकरीसाठी माणसे जातात. क्वचित मुलाबाळांसह सारे कुटुंबच दीर्घ काळाकरिता समुद्रापलीकडे जाते. अशा वेळी तयारी म्हणजे पेट्या भरणे, असा पुष्कळांचा समज असतो. तो अपुरा आहे, हे दाखविण्याचा या लेखाचा हेतू आहे.

समुद्रप्रवास आपल्या पूर्वजांस अपरिचित होता असे नाही. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा चितारली असून तीत तीन डोलकाठ्यांचे एक गलबत आहे. त्यावर ओळीने रचलेले घडे आजही दिसतात. हा पूर्ण शूर्पारक, म्हणजे वसईजवळील सोपारा, येथील राहणारा. पुढे मात्र समुद्र ओलांडणे निषिद्ध ठरले, आणि जाणाऱ्याच्या मागे जातिबहिष्काराचे भय लागले. त्या काळात जे गेले, त्यांना पेटीच्या आधी मन तयार करावे लागले.

सन १८८३ च्या एप्रिल महिन्यात दोन महाराष्ट्रीय स्त्रिया अशा प्रवासास निघाल्या. आनंदीबाई जोशी वैद्यकी शिकण्यासाठी ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून निघून ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. पती गोपाळराव यांना मागे राहावे लागले. पलीकडच्या तीरावर त्यांना घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाईंशी त्यांचा परिचय केवळ पत्रांतून झालेला होता.

निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी रोजी, आनंदीबाईंनी श्रीरामपूर येथील मिशन कॉलेजात भाषण केले. हे श्रीरामपूर बंगालमधील, डॉ. विल्यम केरी यांनी मराठीचे व्याकरण १८०५ साली छापले ते याच ठिकाणी. लोक जे प्रश्न विचारीत, त्यांनाच त्यांनी एकेक करून उत्तर दिले. अमेरिकेसच का जाता? येथे शिकण्याची सोय नाही काय? एकट्या का जाता? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय? काही अनिष्ट घडले तर काय कराल? आजवर कोणत्याही स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करता? हे प्रश्न त्यांनी टाळले नाहीत, आणि विचारणाऱ्यांवर रागावल्याही नाहीत. आमच्या मते त्यांच्या प्रवासाची पहिली तयारी हीच होय.

पंडिता रमाबाई त्याच महिन्यात मुंबईहून इंग्लंडास निघाल्या. पतिनिधनास जेमतेम वर्ष लोटले होते, आणि कन्या मनोरमा दोन वर्षांची होती. प्रवासखर्चाची तजवीज त्यांनी आपल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या पुस्तकाच्या विक्रीतून केली. आपल्या श्रमाचा पैसा, सोबत लहान मूल आणि समोर एक निश्चित कार्य, एवढेच त्यांचे मुख्य सामान होते. पुढे ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथे आनंदीबाईंना पदवी मिळाली, तो समारंभ पाहावयास रमाबाई उपस्थित होत्या.

आता कागदपत्रांविषयी. कुटुंबातील प्रत्येकास, तान्ह्या बालकासही, स्वतंत्र पासपोर्ट लागतो. प्रौढांचा पासपोर्ट साधारणतः दहा वर्षे चालतो. मुलांचा पाच वर्षे किंवा अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर. पुष्कळ देश पासपोर्टाची मुदत आणखी सहा महिने तरी शिल्लक असावी, असा आग्रह धरतात. जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि पासपोर्ट यांतील नावाचे स्पेलिंग एकच आहे ना, हे प्रथम पाहावे; एका अक्षराच्या फरकाने कामे खोळंबतात. व्हिसाचे नियम देशपरत्वे निराळे असतात. पीतज्वराची लस आवश्यक असेल तेथे ती निदान दहा दिवस आधी टोचून घ्यावी, कारण दाखला त्यानंतरच ग्राह्य होतो. नित्याची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हाताजवळच्या पिशवीत ठेवावी. मुंबई आदल्या दिवशीच गाठावी, म्हणजे वाटेत गाडी अडली तरी विमान चुकत नाही.

परंतु कुटुंब निघते तेव्हा घरात कोणीतरी मागे राहते. बहुधा ते आजी-आजोबा असतात. पूर्वी पत्र येण्यास आठवडे लागत. आता दूरध्वनीवर मुखही दिसते. तरी नातवंडांविना रिकामे झालेले अंगण त्याने भरत नाही. म्हणून दवाखान्यात त्यांना कोण नेणार, घरखर्च कोणाच्या हाती राहणार, परत केव्हा यावयाचे, हे निघण्यापूर्वी त्यांच्यासमोर बसून ठरवावे. मुलांनाही शाळा का सुटते आणि मित्र का दुरावतात, हे समजावून सांगावे. मूल लहान असले तरी त्याचा प्रश्न लहान नसतो.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काही जण पुढे दूरदेशी जातील. तेव्हा आनंदीबाईंचे ते प्रश्न स्वतःस विचारा आणि त्यांची उत्तरे वडील माणसांच्या पायांशी बसून द्या. मग सर्वांनी मिळून प्रार्थना करावी, पेटीला कुलूप लावावे आणि निःशंक मनाने निघावे.