तंत्रज्ञ घडवणारी दोन वर्षं
अमेरिकेत बारावीनंतर घराजवळ, परवडणाऱ्या फीमध्ये दोन वर्षं शिकायची सोय म्हणजे कम्युनिटी कॉलेज. त्यांतलं सर्वांत जुनं सरकारी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटचं, १९०१ सालचं. १९९२च्या कायद्याने अशा कॉलेजांमधलं तंत्रशिक्षण बळकट करण्याचं काम नॅशनल सायन्स फाउंडेशन या सरकारी संस्थेकडे सोपवलं. तिच्या अनुदानातून नवे अभ्यासक्रम आखले जातात, शिक्षकांना प्रशिक्षण मिळतं; आखणीत कारखानदारही असतात.

अशा कॉलेजातल्या जैवतंत्रज्ञानाच्या वर्गात विद्यार्थी मायक्रोपिपेटने १०० मायक्रोलिटर पाणी संवेदनशील तराजूवर सोडतो. वजन १०० मिलिग्रॅमच्या आसपास भरलं नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. असा हात सरावानेच बसतो. म्हणून मला नव्या इमारतींपेक्षा प्रयोगशाळेतले तास मोलाचे वाटतात. आणि दिवसा नोकरी करणाऱ्यांसाठी ते संध्याकाळीही हवेत.