कणकुंबी ते कूडलसंगम : बंधुभाव आणि राज्याचा न्याय

जांबोटीहून चोर्ल्याच्या वाटेने पश्चिमेस सुमारे 16 किलोमीटर गेले की सह्याद्रीच्या दाट रानात कणकुंबी लागते. तेथे उगम पावणारी मलप्रभा खानापुरावरून पूर्वेस वळते, सौंदत्तीच्या प्रदेशाला पाणी देते आणि सुमारे 300 किलोमीटरचा प्रवास करून कूडलसंगमास कृष्णेला मिळते. याच नदीच्या काठी बसवेश्वरांचे विद्यार्जन झाले आणि याच नदीच्या खोऱ्यात, सौंदत्तीच्या यल्लम्मेच्या डोंगरावर, दलित घरांतील अजाण मुली पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या नावाने वाहिल्या गेल्या. सर्व मनुष्ये एकाच ईश्वराची लेकरे आहेत, हे ज्या भूमीत इतक्या निष्ठेने सांगितले गेले, त्या भूमीतच माणसामाणसांतील उच्चनीचतेला धर्माचा आधार मिळावा, ही विसंगती नुसत्या खेदाने सोडून देण्याजोगी नाही. तिच्या कारणांचा शोध घेतल्यावाचून न्याय्य राज्य कशावर उभे राहते, हे उमगणार नाही.

बाराव्या शतकात कल्याणच्या बिज्जल राजाच्या पदरी भांडाराचा कारभार पाहणारे बसवेश्वर हे वनात जाऊन बसलेले विरक्त नव्हते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. राज्याचा जमाखर्च ज्याच्या हाती, त्याच पुरुषाने कायक म्हणजे प्रामाणिक श्रम आणि दासोह म्हणजे त्या श्रमाच्या फळाचे समाजाला अर्पण, ही दोन तत्त्वे उपासनेच्या पंक्तीला बसविली. अल्लमप्रभूंच्या अध्यक्षतेखालील अनुभवमंटपात चांभार, न्हावी, नावाडी, स्त्रिया आणि ब्राह्मण एकत्र बसून आत्मानुभवाची चर्चा करीत, असे परंपरा सांगते. पण हरळय्या या चर्मकार शरणाचा मुलगा आणि मधुवरस या ब्राह्मण शरणाची मुलगी यांचा विवाह ठरला, तेव्हा मंटपातले बंधुत्व घरात शिरू पाहत आहे हे धर्ममार्तंडांच्या ध्यानात आले; त्यांनी राजाकडे दाद मागितली आणि दोन्ही पित्यांना देहदंड झाला, अशी कथा आहे. त्यामागून कल्याणात रक्तपात होऊन शरणांची पांगापांग झाली. भक्तांनी एकमेकांस भाऊ मानले होते, परंतु राज्याचा दंड अद्याप जुन्या धर्मशास्त्राच्या मुठीत होता.

पंढरीच्या वाटेवरही निराळे घडले नाही. वारकऱ्यांनी वाळवंटात एकमेकांच्या पायी लागण्याची रीत घातली, चोखोबांचे अभंग मोठ्या प्रेमाने गायिले. तथापि चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेरच राहिली आणि त्यांच्या जातभाईंना विठ्ठलाचे दार उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात प्राणांतिक उपोषण करावे लागले. संतांचे ऋण मी मनोभावे मानतो. परंतु वाळवंटावरील समता गावच्या वेशीपाशी येऊन थबकत होती, हे मान्य केल्याखेरीज त्या ऋणाची खरी फेड होणार नाही.

वेशीच्या आत काय होते, ते महारवतनाच्या व्यवस्थेत पाहावे. मुंबई इलाख्याचा 1874 चा वतन कायदा खानापूर-चिकोडीलाही लागू होता. त्याखाली वतनदार महाराने सरकारी टपाल न्यावे, वसुलीबरोबर तालुक्याच्या गावी चालत जावे, अंमलदाराचा मुक्काम पडला की रात्री-अपरात्री हजर राहावे, आणि तो स्वतः हाती लागला नाही तर घरातील दुसऱ्या माणसास कामास जुंपले जावे. मोबदला म्हणून इनामाचा तुकडा आणि रयतेने दिले तर मिळणारे बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मुंबई कायदे कौन्सिलात मांडले, पण ते पुढे त्यांना मागे घ्यावे लागले. हा भाग 1956 मध्ये म्हैसूर राज्यात गेला आणि ग्रामवतने रद्द करणारा अधिनियम तेथे 1961 साली झाला. ईश्वरासमोर सर्व समान, हे ऐकतच ती वेठ इतकी वर्षे चालली.

दप्तराच्या बाजूने या प्रश्नाला प्रथम हात घालणारा राजा आपल्या शेजारीच होऊन गेला. कागलच्या घाटगे घराण्यातून करवीरच्या गादीवर आलेल्या शाहू छत्रपतींनी 26 जुलै 1902 रोजी जाहीरनामा काढून आपल्या संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि 1918 मध्ये महारवतनाची व कुलकर्णी वतनाची पद्धत मोडली. पण हुकूम काढून ते थांबले नाहीत. गंगाराम कांबळे या आपल्या सेवकाला पाण्यावरून मारहाण झाल्याचे कळताच त्यांनी त्याला कोल्हापुरात चहाचे दुकान घालून दिले. आणि अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला लोक धजेनात, तेव्हा महाराज भर रस्त्यात गाडी थांबवून तेथील चहा स्वतः पीत आणि बरोबरच्या प्रतिष्ठितांनाही पाजीत. फर्मानाने नोकरी देता येते, पण एकाच कपाला ओठ लावण्याची बुद्धी देता येत नाही, हे त्या राजाला पुरते ठाऊक होते.

निपाणीपासून जवळच, तेव्हाच्या कागल जहागिरीतील माणगावी, 21 व 22 मार्च 1920 रोजी आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली आणि महाराजांनी स्वतः येऊन त्या तरुण विद्वानाचे नेतृत्व जाहीरपणे मान्य केले. डिसेंबर 1924 मध्ये बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद गांधीजींनी भूषविले. त्यानंतर चारच महिन्यांनी, एप्रिल 1925 मध्ये, निपाणीस मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली. स्वराज्य परकीयांकडून घ्यायचे की स्वकीयांकडूनही, हे दोन्ही प्रश्न एकाच जिल्ह्याने एका वर्षाच्या आत ऐकले.

माणसे बुद्धीने, बळाने, गुणांनी सारखी नसतात, मग राज्याने त्यांना समान का मानावे, हा आक्षेप जुना आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आंबेडकरांनी 1936 च्या आपल्या जातिनिर्मूलनावरील प्रबंधात त्याचे जे उत्तर दिले त्याहून चोख उत्तर मला तरी आढळलेले नाही: आनुवंश, घरादाराकडून मिळालेला सामाजिक वारसा आणि स्वतःचा प्रयत्न यांमुळे माणसे विषम होतात, हे खरे, परंतु स्वप्रयत्नाच्या अंशापुरता फरक करणे ठीक असले, तरी पहिल्या दोहोंसाठी कोणास शिक्षा करावी, याला न्याय म्हणता येत नाही. शिवाय लाखो माणसांची प्रतवारी लावीत बसण्यास राज्यकर्त्यांपाशी ना वेळ, ना ज्ञान. म्हणून समान वागणूक हाच राज्यकारभाराचा एकमेव व्यवहार्य नियम ठरतो.

या विचाराला पुढे घटनेत स्थान मिळाले. मसुदा समितीने उद्देशिकेत बंधुतेचा उल्लेख स्वतःहून घातला. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नसून ती बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असे आंबेडकरांनी 1954 साली आकाशवाणीवरून सांगितले. बंधुतेला त्यांनी सर्वांत मोठे स्थान दिले, कारण समतेचा कायदा मोडणाऱ्यास न्यायालय शिक्षा देईल, पण कायदा पाळण्याची इच्छा माणसात बंधुभावानेच उपजते. देवदासीप्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 साली कायदा झाला असूनही कर्नाटकास 1982 मध्ये पुन्हा नवा कायदा करावा लागला, यावरून या विधानाची सत्यता पटते. म्हणजे बसवेश्वरांच्या मंटपाला राज्याचा आधार हवा होता, तसा आजच्या राज्याला मंटपातला आत्मीय भाव हवा आहे. एकाचे काम दुसऱ्याने भागत नाही.

जांबोटी, खानापूर, निपाणी या टापूतील वाचनालयांना, शिक्षकांना आणि तरुण मंडळांना माझी विनंती एवढीच आहे की, आपापल्या गावच्या वतनांचे जुने कागद, चावडीवरील वेठीच्या आणि डोंगरावर वाहिलेल्या मुलींच्या आठवणी ज्यांच्यापाशी आहेत अशी वृद्ध माणसे हयात आहेत तोवर, त्यांच्या संमतीने आणि सन्मानाने त्या लिहून घ्याव्यात. आणि हे काम येत्या हिवाळ्यातच हाती घ्यावे.