नवऱ्याने नोकरी सोडली आणि ‘नोकरी’चेच दुकान थाटले

समजा, एखाद्या संध्याकाळी चहाचा कप हातात घेता घेता ‘हे’ तुम्हाला म्हणाले, “मी आज राजीनामा दिला. आता स्वतःचं काहीतरी करणार!” तर? वाण्याची उधारी, मुलांच्या फिया, घराचा हप्ता, सगळे एका क्षणात डोळ्यांपुढे उभे राहील की नाही?

दिल्लीच्या एका घरावर १९९० साली ही वेळ खरोखरच आली. राजीनामा देणारे होते संजीव बिखचंदानी. अहमदाबादच्या आयआयएममधून शिकलेले, हॉर्लिक्स बनवणाऱ्या कंपनीत चांगल्या जागेवर. पत्नी सुरभि त्यांच्याच वर्गातली, तिची नेस्लेमध्ये नोकरी. त्यामुळे एक पगार थांबला तरी दुसरा चालू राहिला. पुढे बराच काळ घर चालले ते तिच्या पगारावर!

वडिलांच्या गॅरेजवरची नोकरांची खोली, तेच कचेरीचे ठिकाण. कुठल्या कंपनीत नवशिक्याला किती पगार मिळतो याचे अहवाल विकायचे, औषधांच्या ट्रेडमार्कच्या याद्या करायच्या, असले कामधंदे. स्वतःला पगार नाहीच. वरखर्चासाठी शनिवार-रविवार शिकवण्या, मध्यंतरी ‘पायोनियर’ या इंग्रजी दैनिकाच्या पुरवणीचे काम. सासरी-माहेरी लोकांनी काय काय विचारले असेल याची कल्पना तुम्हीच करा!

पण एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून होती. जुन्या कचेरीत ‘बिझनेस इंडिया’चा अंक आला की सगळे तो मागच्या पानापासून वाचत. कारण नोकरीच्या जाहिराती मागे असत. ज्याला बदलायची नाही तोसुद्धा दुसऱ्याची नोकरी डोकावून पाहतोच, हे त्यांनी नेमके हेरले होते. १९९६ साली दिल्लीच्या एका प्रदर्शनात त्यांनी इंटरनेट पहिल्यांदा पाहिले आणि दोन धागे जुळले. १९९७ मध्ये वर्तमानपत्रांतल्या हजारेक जाहिराती गोळा करून ‘नोकरी डॉट कॉम’ सुरू झाले.

आता मला विचाराल तर या साऱ्या कथेत मला आवडलेली बाब वेगळीच आहे. वेबसाइटसाठी लागणारा सर्व्हर अमेरिकेत प्राध्यापक असलेल्या थोरल्या भावाने भाड्याने घेऊन दिला. भाडे महिना २५ डॉलर. ‘घरचाच तर माणूस आहे, त्याला काय द्यायचं’ असे न म्हणता बिखचंदानींनी भावाला कंपनीत ५ टक्के वाटा दिला. सोबत काम करणाऱ्यांनाही वाटा मिळाला.

आपल्याकडे कसे होते, पाहा. दुकान घालायला बायकोच्या पाटल्या मोडतात, तिच्या पगारावर पाच वर्षे घर चालते आणि दुकानाच्या कागदांवर मात्र तिचे नाव शोधूनही सापडत नाही. म्हणून सांगते, तुमचे पैसे ‘ह्यां’च्या धंद्यात जाणार असतील, तर ते उसने की भागीदारी, एवढे कागदावर येऊ द्या. घरखर्चाचे आणि धंद्याचे खाते पहिल्या महिन्यापासून वेगळे ठेवा. आणि कर्जाच्या कागदावर जामीनदार म्हणून सही करताना नीट वाचा. धंदा बुडाला तर बँक तुमच्या दारी येऊ शकते, बरं का! यात अविश्वास कसला? भावाभावांत लिहिले जाते, मग नवराबायकोंत का नको?

असो. २००० साली आयसीआयसीआयच्या गुंतवणूक कंपनीकडून सात कोटींवर रक्कम आली आणि पाठोपाठ इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला. इतरांनी जाहिरातींवर पैसा उधळला होता. यांचा बराचसा बँकेत होता. म्हणून तगले. २००६ मध्ये त्यांच्या ‘इन्फो एज’ कंपनीचे शेअर बाजारात आले.

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपण म्हणतो ना? या गृहस्थांनी दोन्हींचे दुकान काढले! २००४ मध्ये लग्ने जुळवणारी ‘जीवनसाथी’ ही वेबसाइट विकत घेतली, २००५ मध्ये घरांसाठी ‘नाइन्टीनाइन एकर्स’, २००८ मध्ये कॉलेजप्रवेशासाठी ‘शिक्षा’. २०१९ मध्ये वरच्या हुद्द्यांच्या नोकऱ्यांची ‘आयआयएमजॉब्स’ही विकत घेतली. एखाद्या घरात थोरल्या मुलाच्या पगारावर धाकटी भावंडे शिकावीत, तशी ‘नोकरी’च्या कमाईवर लग्नाची आणि घरांची ही दुकाने वर्षानुवर्षे तोट्यात पोसली गेली. कारण लग्नाचे गिऱ्हाईक मोठे अवघड. काम झाले की ते कायमचे जाते, आणि न झाले तर रागावून जाते!

दुसऱ्यांच्या कंपन्यांतही त्यांनी पैसे लावले. हॉटेलांची मेनूकार्डे इंटरनेटवर टाकणाऱ्या दोन तरुणांच्या कंपनीत २०१० साली ४.७ कोटी गुंतवले. तीच पुढे ‘झोमॅटो’ म्हणून घराघरांत पोचली आणि २०२१ मध्ये शेअर बाजारात आली. सगळेच डाव मात्र असे साधले नाहीत. घरांच्या खरेदी-विक्रीतल्या एका नव्या कंपनीत घातलेले पावणेतीनशे कोटींच्या घरातले पैसे २०२३ पर्यंत बुडीत खाती टाकावे लागले. थोरल्याची कमाई भक्कम होती, म्हणून तो घाव ‘इन्फो एज’ला पचला.